क्लॅटचं लॉजिकल रीझनिंग : शेवटी दोन पर्याय उरतात आणि नेमका चुकीचाच निवडला जातो

गिरणाकाठ | ६ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. भाचीसाठी हा धागा काढतोय. ती बारावीला आहे, चाळीसगावला राहते, दहावीपर्यंत मराठी माध्यम. डिसेंबरमध्ये क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, देणार आहे. वाचन उत्तम, चालू घडामोडी तोंडपाठ, लीगल रीझनिंगही बरं जातं. अडतं ते लॉजिकलला. गेल्या सहा सराव परीक्षांत २४ पैकी १२, १३, ११, १४, १३, १३.

शेजारी बसून तिला सोडवताना पाहिलं. चारपैकी दोन पर्याय ती पटकन खोडते आणि ते बरोबरच खोडते. उरलेल्या दोनांत मात्र दोन-दोन मिनिटं अडकते आणि शेवटी चुकीच्या पर्यायावर गोल करते. उत्तर बघितलं की लगेच म्हणते, "अरे हो, हेच होतं की मामा." म्हणजे समजत नाही असं नाही. क्लासमध्ये सांगितलं, अवघड प्रश्न सोडून द्या, सोपे पक्के करा. पण पाव गुण वजा होणाऱ्या परीक्षेत चोवीसपैकी दहा सोडून देणं मला पटत नाही. कोणी या वाटेने गेलेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. ती स्वतःही इथे वाचणार आहे.

पिंपळपान | ६ जुलै, रात्री १०.१५

दादा, आधी एक खात्री करून घ्या. ती सराव कुठल्या पुस्तकातून करतेय? २०२० पासून क्लॅटचा पेपर पूर्ण उताऱ्यांवर आहे. रक्ताची नाती, दिशा, गोल टेबलाभोवती कोण कुठे बसलं, सांकेतिक भाषा या गोष्टी जुन्या क्लॅटमध्ये भरपूर असायच्या. बाजारात अजून तीच पुस्तकं नवं कव्हर घालून मिळतात. आता १२० प्रश्न, १२० मिनिटं, त्यात लॉजिकलचे २२ ते २६. उतारा साधारण साडेचारशे शब्दांचा आणि त्याखाली प्रश्न : लेखकाचं म्हणणं काय, गृहीतक कोणतं, कशाने युक्तिवाद दुबळा होईल, काय निश्चित निष्पन्न होतं.

जुन्या पद्धतीचा अभ्यास वाया जात नाही, एमएच-सीईटी लॉला, म्हणजे महाराष्ट्राच्या विधी प्रवेश परीक्षेला, तो लागतो. पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज किंवा मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज मनात असेल तर तीही परीक्षा द्यायला लावा. तिथे पेपर मराठीतही असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पण क्लॅटसाठी कन्सोर्शियमच्या (क्लॅट घेणाऱ्या विधी विद्यापीठांच्या संघाच्या) संकेतस्थळावरचे २०२० नंतरचे पेपर आधी संपवा, बाकी सगळं नंतर.

गिरणाकाठ | ६ जुलै, रात्री १०.३०

पिंपळपान, धन्यवाद. सराव उताऱ्यांचाच आहे, तेच पेपर घेतलेत. अडचण पद्धतीचीच असावी.

तिसरा_तास | ७ जुलै, सकाळी ७.०५

दादा, तुमची पोस्ट वाचून माझं बारावीचं वर्ष डोळ्यांपुढे आलं. मीही मराठी माध्यमाची, सध्या विधी विद्यापीठात पाचव्या वर्षाला. माझेही गुण असेच तेराच्या आसपास अडकले होते. सुटले ते एका गोष्टीमुळे, तेवढीच नीट सांगते.

शेवटच्या दोन पर्यायांतला फरक बहुतेक वेळा एका छोट्या शब्दाचा असतो. उताऱ्याचा विषय काहीही असो, हवामान, कर, शिक्षण. प्रश्न अडतो तो 'ओन्ली', 'अनलेस', 'सम', 'मोस्ट', 'मस्ट' अशा शब्दांवर. इंग्रजी वाचताना आपली नजर मोठ्या शब्दांवर थांबते आणि या बारीक शब्दांवरून घसरते. मराठीत मात्र हेच बारीक शब्द आपल्याला लहानपणापासून कळतात, त्यासाठी व्याकरण शिकावं लागलं नाही.

ही दोन वाक्यं बघ (आता भाचीशीच बोलते) :

पाऊस पडला तर पेरणी होईल.
पाऊस पडला तरच पेरणी होईल.

कुठल्याही शेतकऱ्याच्या मुलीला यातला फरक सांगावा लागत नाही. पहिल्यात पाऊस पुरेसा आहे. पाऊस पडला, पेरणी नक्की. पण पाऊस न पडता विहिरीच्या पाण्यावरही पेरणी होऊ शकेल, वाक्य त्याला आड येत नाही. दुसऱ्यात पाऊस आवश्यक आहे. पाऊस नाही तर पेरणी नाही. पण पाऊस पडला म्हणजे पेरणी झालीच असं नाही, बियाणं नसेल तर काय पेरणार? 'इफ' म्हणजे तर, 'ओन्ली इफ' म्हणजे तरच. परीक्षेत निम्म्या वेळा फसवणूक एवढीच असते : उताऱ्यात 'तरच' असतं आणि पर्यायात गुपचूप 'तर' झालेलं असतं.

'च' कुठे बसतो तेही बघ. "अर्जदारांनाच मुलाखतीला बोलावलं" म्हणजे अर्ज न केलेलं कोणी नव्हतं. सगळ्या अर्जदारांना बोलावलं का? वाक्य ते सांगत नाही. "अर्जदारांना मुलाखतीलाच बोलावलं" म्हटलं की अर्थ पूर्ण बदलला.

'अनलेस'चं मी मनात नेहमी 'नसेल तर' करायचे. 'करारावर सही नसेल तर तो रद्द.' मग सही असली की करार वैध? नाही. सही असूनही दुसऱ्या कारणाने रद्द होऊ शकतो.

आणि 'सम'. आपण रोजच्या बोलण्यात "काही मुलं पास झाली" म्हटलं की "बाकीची नापास" हे ऐकणारा धरूनच चालतो. तर्काच्या प्रश्नात तसं धरायचं नाही. तिथे 'सम' म्हणजे किमान एक, कदाचित सगळेसुद्धा. माझ्या कितीतरी चुका या एका शब्दाच्या होत्या.

आता एक पूर्ण प्रश्न. मीच बनवलाय, त्यामुळे कुठल्या पेपरात शोधू नकोस.

*एका गावात नगरपालिकेने दोन वर्षांपूर्वी अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी ठेवायला सुरुवात केली. तेव्हापासून गावाचा दहावीचा निकाल वाढला आहे. म्हणून इतर गावांनीही अभ्यासिका रात्री उघड्या ठेवल्या तर त्यांचे निकाल वाढतील.*

हा युक्तिवाद कोणत्या गृहीतकावर उभा आहे?

अ) अभ्यासिकेत येणारे बहुतेक विद्यार्थी दहावीचे होते.
ब) निकाल वाढवायचा रात्रीची अभ्यासिका हाच एक मार्ग आहे.
क) निकालातली सगळी वाढ अभ्यासिकेशी संबंध नसलेल्या कारणामुळे झालेली नाही.
ड) इतर गावांच्या नगरपालिकांकडे अभ्यासिका चालवायला पैसे आहेत.

पर्याय वाचण्याआधी दोन गोष्टी बोटाने दाखवायच्या. लेखक शेवटी काय म्हणतो? 'म्हणून'नंतरचं वाक्य. कशाच्या जोरावर म्हणतो? आधी अभ्यासिका सुरू झाली, मग निकाल वाढला. या दोहोंमध्ये फट कुठे आहे? 'नंतर झालं' आणि 'त्यामुळे झालं' यांच्यामध्ये.

मग प्रत्येक पर्यायाला नकार देऊन बघायचं. गृहीतक खरोखर आवश्यक असेल तर ते नाकारताच युक्तिवाद कोसळला पाहिजे. अ नाकारू : येणारे बहुतेक दहावीचे नव्हते. बरं, पण तीसचाळीस दहावीचे येत असतील आणि त्यांना फायदा झाला असेल, युक्तिवाद उभाच. ब नाकारू : आणखीही मार्ग आहेत. असोत, लेखक 'हाच' म्हणतच नाही. ड नाकारू : पैसे नाहीत. इथे मुलं फसतात, कारण हे व्यवहारात खरं वाटतं. पण लेखकाने 'ठेवल्या तर' म्हटलंय. पैसे नसतील तर ठेवणार नाहीत. पण ठेवल्या तर काय होईल, एवढंच त्याचं म्हणणं आहे. आता क नाकार : सगळी वाढ दुसऱ्याच कारणाने झाली. संपलं, लेखकाच्या हातात काहीच उरलं नाही. उत्तर क.

पहिले काही दिवस एका प्रश्नाला दहा मिनिटं लागली तरी लागू दे, घड्याळ बाजूला ठेव.

आडवा_छेद | ७ जुलै, दुपारी १.२०

तिसरा_तास, समजावून सांगणं आवडलं, पण दोन बाबतीत मतभेद आहे.

एक, परीक्षा इंग्रजीतच होते. साडेचारशे शब्दांचे चारपाच उतारे मनात मराठीत आणत बसलं तर अर्ध्या तासात दोनच होतील. दोन, मराठी नेहमी नेमकी असते असंही नाही. "सगळे विद्यार्थी आले नाहीत" या वाक्याचा अर्थ काय? एकही आला नाही, की थोडे आले आणि थोडे राहिले? दोन्ही होतात. इंग्रजीतल्या 'नॉट ऑल'चं असं मराठी डोक्यात झालं की मुलगी बरोबर वाचूनही चुकेल. मी स्वतः अभियांत्रिकीकडून या विषयाकडे आलो, मला प्रत्येक गटासाठी एकेक वर्तुळ काढून ती एकमेकांत कशी बसतात ते बघणं जास्त खात्रीचं वाटतं.

तिसरा_तास | ७ जुलै, रात्री ८.५०

आडवा_छेद, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य, माझ्या लिहिण्यात तो राहून गेला. 'नॉट ऑल'साठी "सगळेच आले असं नाही" आणि 'नन'साठी "एकही आला नाही" अशी दोन वाक्यं पक्की ठरवून घ्यायची, मधलं संदिग्ध वाक्य वापरायचंच नाही. इथे पुन्हा 'च'च मदतीला येतो बघा.

पहिल्याबद्दल : उतारा मराठीत आणायचा नाही. तो इंग्रजीतच वाचायचा. मराठीत फक्त एक वाक्य बोलायचं, लेखकाचा निष्कर्ष. आणि शेवटचे दोन पर्याय उरले की त्यांच्यातला एक शब्द. तेही सरावाच्या पहिल्या दोनेक महिन्यांत. नंतर 'ओन्ली इफ' दिसलं की 'तरच' आपोआप ऐकू येतं, वेळ लागत नाही. वर्तुळं 'सगळे', 'काही', 'एकही नाही' यांच्यासाठी छान, ती जरूर काढावीत. पण गृहीतकाच्या प्रश्नाला वर्तुळाचा उपयोग होत नाही.

दूर्वांकुर | ८ जुलै, सकाळी ६.३०

चांगला धागा. मी तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे राहवत नाही.

आडवा_छेद यांनी मराठीच्या मर्यादेवर बोट ठेवलं ते योग्यच. तरी तिसरा_तास म्हणतात त्याला बळ देणारा एक जुना प्रयोग आहे. पीटर वासन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये तो मांडला. मराठीत सांगतो. समोर चार पत्ते आहेत : अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा : एका बाजूला स्वर असेल तर मागे सम संख्या असते. नियम मोडलाय का हे तपासायला कोणते पत्ते उलटावे लागतील?

पुढे वाचण्याआधी ठरवा.

बहुतेक जण 'अ आणि ४' म्हणतात. शिकलेली, हुशार माणसंही म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७. चारच्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, कारण सम संख्येमागे स्वरच असला पाहिजे असं कोणी म्हटलेलंच नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम मोडला.

पुढे १९८२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न वेगळ्या वेशात दिला. बिअर पिणाऱ्याचं वय १९ च्या वर असलं पाहिजे, असा नियम. पत्ते चार : बिअर, कोक, १६ वर्षं, २२ वर्षं. कोणाकोणाला तपासाल? बिअरवाल्याला आणि सोळा वर्षांच्याला. हे बहुतेकांना जमलं. तर्क तोच, पण ओळखीच्या जागी नेला की मन बरोबर चालतं. भाचीने अडलेला प्रश्न आपल्या घरातल्या, गावातल्या गोष्टीत उतरवून बघावा, तो यासाठी.

युक्तिवादातले दोष ओळखायलाही आपल्याकडे तयार नावं आहेत. अभ्यासिकेचा वरचा प्रश्न म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला. संस्कृतात त्याला काकतालीय न्याय म्हणतात. थोड्या नमुन्यावरून सगळ्यांबद्दल बोलणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. आणि हे लक्षात घे मुली, शितावरची परीक्षा भाताला लागू पडते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच आचेवर शिजलेला असतो. सगळं गाव एका पातेल्यात शिजत नाही. उताऱ्यात पाहणी, सर्वेक्षण आलं की विचार : ही शितं एकाच पातेल्यातली आहेत का? युक्तिवाद दुबळा करणारा पर्याय पुष्कळदा तिथेच सापडतो.

उत्तररात्र | ८ जुलै, रात्री ११.१०

मी अमेरिकेत आहे, इथे दोन वर्षांपूर्वी एलसॅट, म्हणजे इथल्या लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, दिली. तिकडच्या मुलांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते. ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमधून कोड्यांचा विभाग, ज्याला सगळे लॉजिक गेम्स म्हणायचे, गेला. दृष्टिहीन परीक्षार्थीच्या दाव्यात २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीतून तो बदल आला. आकृत्या काढल्याशिवाय ती कोडी सुटत नसत आणि ते अन्यायाचं होतं. आता गुण धरले जाणारे दोन विभाग लॉजिकल रीझनिंगचे आणि एक वाचनाचा, प्रत्येकी ३५ मिनिटं.

तुमच्या कामाचं हे : एलसॅटचा उतारा फार तर पाचसहा ओळींचा असतो, पण ठासून भरलेला. पर्याय पाच. 'आवश्यक गृहीतक' आणि 'पुरेसं गृहीतक' हे तिथे वेगळे प्रश्नप्रकार आहेत, म्हणजे तिसरा_तास यांचं 'तरच' आणि 'तर'. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या लॉहब या संकेतस्थळावर खातं काढलं की काही जुने पेपर फुकट मिळतात. भाचीने रोज पाच प्रश्न तिथले सोडवावेत, क्लॅटचे लांब उतारे त्यानंतर सैल वाटतील. जास्त नकोत. क्लॅटला लांब वाचनाचा दमही लागतो, तो पाच ओळींच्या उताऱ्यांनी येणार नाही.

पिंपळपान | ९ जुलै, सकाळी ९.००

उत्तररात्र यांच्याशी सहमत. एनएलयू दिल्लीची (दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची) वेगळी प्रवेश परीक्षा, एआयएलईटी, देणार असाल तर याचा दुप्पट फायदा, तिथे १५० पैकी ७० प्रश्न लॉजिकलचे असतात.

आणि एक. उत्तरतालिका म्हणजे वेदवाक्य नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने क्लॅटच्या दोन प्रश्नांच्या तालिकेत चूक असल्याचं म्हटलं होतं, ते एका परीक्षार्थीने आपलं उत्तर मुद्देसूद मांडल्यामुळेच. खासगी सराव पेपरांत तर चुका सर्रास सापडतात. वीस मिनिटं विचार करूनही तालिकेचं उत्तर पटत नसेल तर मुलीने स्वतःला दोष देऊ नये, इथे टाकावं.

गिरणाकाठ | १४ सप्टेंबर, रात्री ९.१५

मंडळी, दोन महिन्यांनी धागा वर काढतोय. जुलैभर तिने घड्याळ लावलं नाही. गुण आणखी खाली गेले, १० वर आले, तेव्हा घरात काळजी वाटली. बहीण म्हणाली, हे प्रयोग पुरेत. पण पोरीने सोडलं नाही. गेल्या चार परीक्षांत १६, १८, १७, १९.

सगळ्यात जास्त काम केलं ते तिच्या चुकांच्या वहीने. दोनशे पानी वही, प्रत्येक चुकीला अर्धं पान. बरोबर उत्तर का बरोबर हे ती लिहीत नाही. चुकीचं उत्तर आपल्याला *का आवडलं* ते लिहिते. तिच्या परवानगीने एक नोंद देतो :

"उताऱ्यात मोस्ट होतं. पर्याय क मध्ये ऑल. मला क आवडला कारण मला ते मत स्वतःला पटतं. (कोचिंग महाग असतं.) लेखकाने सगळी महाग असतात म्हटलं नाही. मी माझं मत उताऱ्यात घातलं."

कंसातलं वाक्य वाचून मी थांबलोच. सव्वीस नोंदींपैकी नऊ ठिकाणी तिने हेच लिहिलंय, माझं मत उताऱ्यात घातलं. हे आम्हाला कोणालाच बाहेरून दिसलं नसतं.

आता पुढची पोस्ट तिची, माझ्याच खात्यावरून.

गिरणाकाठ | १४ सप्टेंबर, रात्री ९.३५

तिसरा_तास ताई, दूर्वांकुर सर, सगळ्यांना नमस्कार. मी भाची. एक प्रश्न सरावात चुकला, तालिका पाहूनही पटला नाही. सरांनी सांगितल्याप्रमाणे गावच्या गोष्टीत बदलून लिहिते.

*ग्रामपंचायतीचा नियम : पाणीपट्टी भरलेल्या घरालाच नवी नळजोडणी मिळेल. ज्याने पाणीपट्टी भरली नाही त्याला दंड होतोच. वरच्या आळीतल्या घराला नवी जोडणी मिळाली. खालच्या आळीतल्या घराला दंड झालेला नाही.*

काय निश्चित म्हणता येईल?

अ) खालच्या घराला नवी जोडणी मिळेल.
ब) वरच्या घराला दंड झालेला नाही.
क) दोन्ही घरांनी पाणीपट्टी भरली आहे.
ड) पाणीपट्टी भरणाऱ्या प्रत्येक घराला नवी जोडणी मिळते.

अ आणि ड मी खोडले, तिथे 'च' सोडून दिलाय. मी ब निवडला. वरच्या घराने पट्टी भरली, मग त्याला दंड कशाला होईल? तालिका क म्हणते.

तिसरा_तास | १४ सप्टेंबर, रात्री १०.२०

वा, फार नेटका बदललास प्रश्न. आता तुझाच प्रश्न तुला परत विचारते : "मग त्याला दंड कशाला होईल?" याचं उत्तर खरंच शोध. पट्टी भरलेल्या घराला दंड कशाकशाने होऊ शकतो?

गिरणाकाठ | १४ सप्टेंबर, रात्री १०.२८

नळाला मोटार लावली तर. आमच्याकडे होतो. अच्छा! नियमात 'न भरणाऱ्याला दंड होतोच' आहे. 'न भरणाऱ्यालाच दंड होतो' असं नाही. मी 'च' उचलून दुसरीकडे ठेवला.

तिसरा_तास | १४ सप्टेंबर, रात्री १०.३३

अगदी बरोबर. आणि क?

गिरणाकाठ | १४ सप्टेंबर, रात्री १०.४१

वरच्या घराला जोडणी मिळाली, ती भरलेल्यालाच मिळते, म्हणजे त्याने भरली. खालच्या घराने भरली नसती तर दंड झालाच असता, झाला नाही, म्हणजे त्यानेही भरली. हे दूर्वांकुर सरांच्या सातच्या पत्त्यासारखं आहे, मागून बघायचं. पटलं ताई. वहीत लिहिते. उद्या सर्वेक्षणाचा एक उतारा टाकते, त्यात दोन पर्याय अजून सारखेच वाटतायत.

दूर्वांकुर | १५ सप्टेंबर, सकाळी ६.१०

टाक. आणि त्याआधी त्या दोन पर्यायांत कोणता शब्द वेगळा आहे तेवढा अधोरेखित करून ठेव.